पाणी थांबतं तेव्हा

"कोण आलंय गं एवढ्या पहाटे?" आईने आतल्या खोलीतून विचारलं तेव्हा मी जागीच होते. कोणीच आलं नव्हतं. भिंतीतून आवाज आला होता. आधी एक भरीव धाड, मग तिच्यामागून विरत गेलेली थडथड. बरोबर त्याच क्षणी बाहेर हिरवळीवरचे फवारे माना खाली घालून जमिनीत गेले होते. बागेला आपोआप पाणी देणारा टायमर आम्ही नुकताच बसवला होता आणि त्याचं मला फार कौतुक होतं. आईला मी "काही नाही, पाइपचा आवाज आहे" असं सांगितलं, पण ती पुन्हा आडवी झाली नाही. पलंगाच्या कडेला बसून दाराकडे बघत राहिली. एके काळी आमच्या दारावर अशा अवेळी थापा पडायच्या आणि त्या बहुधा वाईट बातमी घेऊन यायच्या. तो काळ आम्ही दोघींनी मागे टाकलाय असं मी धरून चालले होते. आईच्या अंगातून तो गेलेला नाही, हे मला त्या पहाटे कळलं, आणि मग तो आवाज मला स्वस्थ बसू देईना.

प्लंबर आला. भिंतीला तळहात लावून त्याने आवाजाची नेमकी जागा दाखवली. "इथे पाइप सैल झालाय, क्लॅम्प मारला की आवाज बंद." जागा अगदी बरोबर होती, आणि क्लॅम्प मारला असता तर आवाज बंदही झाला असता. पण मला ते पटेना. आवाज थांबणं वेगळं आणि आघात थांबणं वेगळं. पाइप सैल आहे म्हणून तो हलतो, भिंतीवर आपटतो आणि आपल्याला ऐकू येतं. तोच घट्ट आवळला की धक्का नाहीसा होत नाही. तो पुढे सरकतो आणि जिथे आपला कान पोचत नाही अशा जागी जातो, म्हणजे एखाद्या एल्बोत (वळणाच्या जोडात), पाइप जोडणाऱ्या युनियनमध्ये, मीटरच्या वायसरमध्ये. तिथे तो रोज पहाटे काम करत राहतो आणि आपण निवांत झोपतो. मी म्हटलं, क्लॅम्प मारू, पण सगळ्यात शेवटी.

वाहतं पाणी एकदम थांबलं की पाइपला बसणाऱ्या या धक्क्याला वॉटर हॅमर, म्हणजे पाण्याचा हातोडा, म्हणतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आपण सगळेच चूक जागी कान लावतो, असं माझं मत होत चाललंय. "कुठे वाजतंय?" हा पहिला प्रश्न नव्हेच. "आत्ता काय थांबलं, आणि किती झटकन थांबलं?" हा पहिला प्रश्न. वाजतं ते सगळ्यात सैल ठिकाणी, आणि घडतं ते भलतीकडेच.

आमच्या घराच्या मुख्य पाइपपासून बागेच्या व्हॉल्व्हपर्यंत साधारण 40 मीटर पाइप आहे, आतून 20 मिलिमीटरचा. त्यात कायम साडेबारा लिटर पाणी असतं, म्हणजे साडेबारा किलो. फवारे चालू असताना हे साडेबारा किलो सेकंदाला 2 मीटर वेगाने पुढे जात असतं. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा फक्त त्याला टेकलेलं पाणी थांबतं. मागच्या पाण्याला अजून काही कळलेलंच नसतं. अरुंद बोळातून जाणाऱ्या गर्दीत पुढचा माणूस एकदम थांबला की मागचे त्याच्या पाठीवर येतात, त्यांच्या पाठीवर त्यांच्या मागचे, आणि ही दाटी मागे मागे सरकत जाते. पाण्याचंही तसंच होतं. पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकलो, पण ते किंचित दाबलं जातं, पाइपही किंचित फुगतो, आणि या दोन 'किंचित'च्या जोरावर दाबाची एक लाट उलटी धावत सुटते. मोकळ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर जातो. लोखंडी पाइपमध्ये ही लाट बाराशे-तेराशेने धावते आणि पीव्हीसीमध्ये, पाइपच मऊ असल्यामुळे, चारशेच्या आसपास. आमच्या चाळीस मीटरच्या लाइनीत ती मागे जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. धाडीनंतरची ती विरत जाणारी थडथड म्हणजे या लाटेच्या येरझाऱ्या.

निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1897-98 मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून या धक्क्याचा हिशेब मांडला. त्याच्याही आधी, 1883 मध्ये, योहानेस फॉन क्रीस या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने लवचीक नळ्यांमधल्या लाटांवर काम करताना हेच नातं दाखवलं होतं. तो रक्तवाहिन्यांचा विचार करत होता. सूत्र इतकं साधं आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी काही तरी राहिलंय का म्हणून पान उलटून पाहिलं. पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याचा जेवढा वेग एकदम थांबला तो, या तिघांचा गुणाकार. बस्स. आमच्या आकड्यांनी तो 8 बार येतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा). लाइनीत आधीच जो दाब असेल त्याच्यावर आणखी 8 बार! तोच पाइप लोखंडी असता तर 25 बार. आणि या सूत्रात नळाला येणारा दाब कुठेच नाही. "तुमच्याकडे प्रेशर जास्त आहे" असं ऊठसूट सांगितलं जातं, पण हातोडा प्रेशरचा नसून वेगाचा असतो. प्रेशर कमी केलं की वेगही उतरतो, म्हणून फरक पडतो. पण स्थिर दाब साडेपाच बारच्या वर नसेल तर आधी वेगाकडे बघावं.

मग मी बागेच्या नळाला एक प्रेशर गेज लावलं. त्यात दोन काटे होते. एक नेहमीचा, आणि दुसरा लाल, जो कमाल दाबापाशी जाऊन तिथेच अडकून राहतो. सगळं बंद असताना साडेचार बार. फवारे सुरू झाले की काटा उतरून तीनवर यायचा आणि त्याच्या टोकाला बारीक थरथर असायची. मी ओल्या गवतात उकिडवी बसून वाट बघत राहिले. व्हॉल्व्हमधून एक 'टक' आलं, व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्या विजेच्या कॉइलचा पुरवठा तुटल्याचं. मग क्षणभर काहीच नाही. मग फवारे खाली बसू लागले, आणि तेवढ्यात काटा असा उसळला की डोळ्यांना तो मधे कुठे दिसलाच नाही. लाल काटा 9 च्या पुढे जाऊन थांबला होता. खरा झटका याहून मोठा असणार, कारण साधं गेज इतक्या झटपट गोष्टीच्या मागे धावू शकत नाही. पण मला खरा धसका वर जाण्याचा बसलाच नाही. पुढच्या वेळी मी फक्त काळ्या काट्यावर नजर ठेवली, तर उसळून परत येताना तो शून्याला टेकला.

शून्य म्हणजे पाइपमध्ये त्या क्षणी ढकलणं संपलं आणि ओढ सुरू झाली. त्याच दिवशी मी घराच्या कोपऱ्यातला, जमिनीत गाडलेला एल्बो उकरला. वळणावर पाणी पाइपला बाहेर ढकलतं, म्हणून असा मार आधी वळणं खातात. एल्बोच्या जोडाभोवती पांढरट खार जमला होता आणि माती एका बाजूला काळी, चिकट, कायम ओली. गळती इतकी बारीक की मीटरवर दिसली नसती. बोटाने पुसलं की कोरडं, आणि थोड्या वेळाने पुन्हा ओलं. म्हणजे दिवसभर जो जोड थेंब थेंब बाहेर टाकत होता, तोच पहाटे त्या एका क्षणी भोवतालचा चिखल आत ओढू शकत होता. आणि हीच लाइन पुढे स्वयंपाकघरात जाते. भिंतीवर क्लॅम्प मारून आम्ही आईची झोप वाचवली असती आणि हे सगळं तसंच चालू ठेवलं असतं. तो एल्बो मी ताबडतोब बदलून घेतला. या एका गोष्टीबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. आवाज हा पुरावा असतो आणि तपास पुरा होईपर्यंत तो पुसायचा नसतो.

तपास तसा सोपा निघाला, कारण आमच्या बागेला तीन वेगळे व्हॉल्व्ह आहेत आणि आवाज फक्त हिरवळीचा व्हॉल्व्ह बंद होताना यायचा. ठिबकचा बंद होताना काटा जेमतेम हलायचा, कुंड्यांचा बंद होताना तेवढाही नाही. एकेक चालू ठेवून मिनिटभर पाण्याच्या मीटरकडे बघितलं की कारण समोर येतं. हिरवळीला मिनिटाला 38 लिटर, ठिबकला 8. पाइप तोच आहे, म्हणजे ठिबकच्या वेळी पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटरही नाही. घरगुती लाइनीत हा वेग दीड मीटरच्या खाली ठेवावा असा जाणकारांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आमची हिरवळ तो ओलांडत होती.

व्हॉल्व्ह उघडून बघण्याचा मोह मला आवरला नाही. मुख्य कॉक बंद केला, पेटीचं झाकण काढलं. आत दमट मातीचा वास, कडेने मुंग्यांची लगबग, आणि एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला छोटा बेडूक. त्याला हलवावं लागलं नाही. स्क्रू काढल्यावर काळा रबरी पडदा हातात आला, तळहातावर सहज मावेल एवढा, मधे जाड, कडेला पातळ, आणि त्याच्या वर बसणारी स्प्रिंग. पडद्यात टाचणीच्या टोकाएवढं एक भोक आहे आणि सगळी करामत त्या भोकाची आहे. कॉइल बंद झाली की वरच्या पोकळीतून पाणी निसटायची वाट मिटते, भोकातून वर आलेलं पाणी तिथेच साचतं, वरचा दाब वाढतो आणि पडदा हळूहळू खाली बसतो. हो, हळूहळूच. एक-दोन सेकंद सहज लागतात. मग धक्का का बसावा? कारण पडदा निम्मा खाली आला तरी पाणी जवळजवळ तेवढंच वाहत असतं. खरा प्रवाह तुटतो तो शेवटच्या एखाद-दोन मिलिमीटरमध्ये, आणि तिथे वाहत्या पाण्यातच पडदा खाली खेचला जातो. व्हॉल्व्हचं बंद होणं दोन सेकंदांचं असलं तरी पाण्याचं थांबणं त्यातल्या शेवटच्या निमिषाचं असतं. वेळ मोजायचा तो पाण्याच्या थांबण्याचा.

हा पडदा हातात धरला असताना मला आईचा हात आठवला. ती बागेला नळीने पाणी घालायची तेव्हा नळाला पितळी चावी होती, आट्यांची, बंद करायला चार-पाच वेढे लागणारी. आई आधी दोन वेढे फिरवायची, मग उरलेली बारीक धार गुलाबाच्या बुडाशी सोडून देऊन नळी गुंडाळायला घ्यायची, आणि नळी खुंटीवर गेल्यावर येऊन चावी पुरती आवळायची. मला ते फार संथ वाटायचं. मी मधेच जाऊन चावी फिरवायला लागले तर म्हणायची, "अगं, हळू. पाइप ओरडतो." तिने हे कुठे शिकलं असेल कोण जाणे. पण म्हणून पूर्वीचं सगळं चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. त्या काळचे पाइप लोखंडी होते, आणि त्याच वेगाचं पाणी तितक्याच झटक्यात थांबलं असतं तर लोखंडात धक्का पीव्हीसीच्या तिप्पट बसला असता. आटे होते म्हणून आणि आईचा हात होता म्हणून तो बसत नव्हता. आता पाव वळणाचे कॉक आले. डोळ्यांचं पातं लवायच्या आत पाणी बंद. वॉशिंग मशीनमधला छोटा व्हॉल्व्ह तर त्याहून झटपट, म्हणून कित्येक घरांत कपडे धुताना भिंती वाजतात.

उपाय करताना मी आधी तो केला ज्याला काहीच विकत आणावं लागत नाही. अशा कॉइलच्या, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या डोक्यावर बहुतेक वेळा प्रवाह कमी-जास्त करायची एक चकती असते आणि ती बसवताना पूर्ण उघडी ठेवून देतात. फवारे चालू ठेवून ती थोडी थोडी आवळत न्यायची. फवाऱ्यांचा फेक कमी व्हायला लागला की थांबायचं आणि जरा मागे यायचं. एवढ्याने पडद्याला पडायची उंचीच कमी उरते आणि वाजवीपेक्षा जास्त वाहणारं पाणीही आटोक्यात येतं. धाडीची धार यानेच गेली. पण मूळ वेग होताच. तेव्हा हिरवळ दोन भागांत तोडली. चर खणायचा, नवीन व्हॉल्व्ह, वायर टायमरपर्यंत ओढायची, असं सगळं जिकिरीचं काम. खणताना मुळं तुटतात त्याचं वाईट वाटतं ते वेगळंच. पण याइतका खरा उपाय नाही. मिनिटाला 38 लिटरचे 19 झाले, वेग निम्मा, आणि सूत्र सरळ गुणाकाराचं असल्यामुळे धक्काही निम्मा. वेळापत्रकातही एक बदल केला. हिरवळीचा भाग बंद होतो तेव्हा ठिबक आधीच चालू झालेलं असतं. धक्क्याला तेवढीच एक बाजूची वाट मिळते. माझ्या टायमरमध्ये हे जमतं, सगळ्यांत जमत नाही.

वॉटर हॅमर अरेस्टरही बसवला, पण त्याच्यावर सगळा भार टाकायचा नाही असं ठरवून. आत एक दट्ट्या, दट्ट्यामागे कोंडलेली हवा. लाट आली की दट्ट्या मागे सरकतो आणि हवा तो मार खाते. तो व्हॉल्व्हच्या जवळ बसवावा लागतो. भिंतीत वाजतं म्हणून भिंतीपाशी बसवला तर निम्मं काम वाया. पूर्वी याच्याजागी टोपण लावलेला उभा पाइपचा तुकडा ठेवायचे. तोही चालतो, पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, तुकडा पाण्याने भरतो, आणि वर्षानुवर्षं शांत असलेलं घर अचानक वाजायला लागतं. अशा वेळी मुख्य कॉक बंद करून सगळी लाइन रिकामी केली की तुकड्यात पुन्हा हवा भरते. किती जुन्या घरांचा आवाज एवढ्याने जाईल!

लाल काटा आता 6 च्या अलीकडे थांबतो. त्यानंतर भिंत उघडून क्लॅम्प मारले, आतून रबर असलेले, पाइपला सरकायला किंचित जागा ठेवून.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार आवडली. ज्या धक्क्याच्या मागे मी हात धुऊन लागले होते, त्याच्यावर माणसाने पंप चालवलेत. 1772 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन व्हाइटहर्स्टने हाताने तोटी बंद करून असा पंप चालवला, आणि 1796 मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ माँगोल्फिएने, गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या दोन भावांपैकी एकाने, तो स्वयंचलित केला. उतारावरून येणारं पाणी एक झडप स्वतःच बंद करतं, धक्का बसतो, त्या धक्क्याने थोडं पाणी वरच्या पाइपात चढतं, दाब उतरला की झडप उघडते, पुन्हा तेच. वीज नाही, इंधन नाही. हायड्रॉलिक रॅम म्हणतात त्याला, आणि ओढ्याकाठी तो आजही रात्रंदिवस ठोके देत पाणी वर चढवत असतो. ज्या आवाजाने माझी आई दचकून उठून बसली, तोच कोणाच्या तरी रानात पाणी चढतंय याची खूण आहे. हे कळल्यावर त्या आवाजाचा राग उरला नाही. आईला उठवल्याचं वाईट मात्र वाटत राहिलं. ते सूत्र समजल्याने जात नाही.

परवा दादाचा फोन आला. त्याच्याकडेही धाड होते म्हणे, आणि त्याने पाइप बांधायला माणूस बोलावलाय. मी विचारलं, "सुरू होताना की बंद होताना?" सुरू होताना वाजत असेल तर रिकाम्या लाइनीतली हवा एकदम बाहेर पडून मागून पाणी आदळतंय, तिथे लाइन हळू भरायची असते. वायसर झिजलेला असेल तर धाड नसते, घरघर असते. "पंप बंद केल्यावर," दादा म्हणाला, "पण लगेच नाही गं, जरा थांबून." ते जरा थांबणंच महत्त्वाचं होतं. पंप थांबला तरी वर चढणारं पाणी तेवढा वेळ चढत राहतं, मग थबकतं, मग उलटं फिरून वेग घेतं, आणि तोपर्यंत एनआरव्हीची, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची, जड झडप उघडीच असते. मग उलट्या पाण्याबरोबर ती आदळते. "दादा, फोन चालू ठेव, पंपाजवळ उभा राहा, पाइपवर हात ठेव आणि बंद कर," मी म्हटलं. त्याने केला. पंपाची घरघर उतरत गेली, मग मोकळा क्षण, मग मला फोनमधूनही ऐकू आली ती धाड. "हाताखालीच आदळलं की!" तो म्हणाला. त्याला स्प्रिंगचा एनआरव्ही घ्यायला सांगितला, पाणी उलटं फिरायच्या आधीच मिटणारा, आणि विकत घेताना नुसता पाइपचा व्यास न सांगता पंप मिनिटाला किती लिटर देतो तेही सांग म्हटलं. झडप प्रवाहापेक्षा मोठी घेतली तर ती पुरती उघडत नाही आणि चालू पंपातही फडफडत राहते. बांधणाऱ्या माणसाला त्याने पुढच्या आठवड्यात यायला सांगितलंय.